मिरचीचे देठ

कडूबानं दूध सोडलं तो मंगळवार होता, आणि शुक्रवारपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकट्या माणसाचं हे एक बरं असतं. त्यानं जेवणच सोडलं असतं, तरी पहिली चौकशी गॅस सिलिंडरवाल्यानं केली असती.

कडूबा छत्तीस वर्षांचा होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा तपासायचं काम करायचा. रिंग गोल आहे का, एवढंच बघायचं. गोल असली की डावीकडं, नसली की उजवीकडं. अकरा वर्षं तो रिंगांच्या आरपार बघत आला होता. गोलाच्या मधल्या रिकाम्या जागेचा त्याच्याइतका जाणकार अख्ख्या शहरात दुसरा नसेल. लग्न झालं नव्हतं. मुलीकडचे आधी शेती विचारायचे, मग नोकरी, मग नाव, आणि नावापाशी येऊन थांबायचे. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं हे कडू नाव ठेवलं होतं, मरणानं तोंडात घेतलंच तर थुंकून टाकावं म्हणून. मरणानं थुंकलं. पुढं मुलींनीही थुंकलं, पण त्यात आईचा काही दोष नव्हता.

त्याची खोली एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. समोरासमोर दोन दारं. एक त्याचं आणि एक मेहरुन्निसा आपांचं. आपा मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि त्याही एकट्याच होत्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर पेपर तपासायचे राहिले होते, असं सांगायच्या.

या दोन दारांमध्ये गेले नऊ महिने एक वाटी चालत होती. स्टीलची, लहान, बुडाखाली ‘मे. शेख १९८८’ असं कोरलेली. रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कडूबा आपांची कडी वाजवायचा आणि चमचाभर दही मागायचा, विरजणाला. आपा वाटीत दही द्यायच्या. दुसऱ्या दिवशी तो वाटी धुऊन आणायचा, पण रिकामी नाही. कधी चिमूटभर साखर, कधी चार शेंगदाणे, कधी कढीपत्त्याची डहाळी. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे दोन्ही घरांत सारखंच शिकवलेलं होतं. मग दारातच चार मिनिटं बोलणं व्हायचं. नळाला पाणी किती वाजता आलं, लाईट जाणार आहे का. आणि दूध कोमट झाल्यावरच विरजण घाल, गरम दुधात जंतू मरतात, हे आपा एक दिवसाआड सांगायच्या. कडूबा ते एक दिवसाआड पहिल्यांदाच ऐकायचा.

आता कुणीही म्हणेल की दही लावणारा माणूस उद्यासाठी त्यातलंच चमचाभर ठेवतो, रोज कशाला मागायला जातो? कडूबालाही ते माहीत होतं. म्हणून तर सकाळी कामावर निघताना भांड्यात चमचाभर उरलेलं दिसलं, की तो उभ्याउभ्या ते खाऊन टाकायचा. भूक असो नसो. दिवसभरात त्याच्याशी रिंगांखेरीज दुसरं काही बोलणारं हे एकच दार होतं, आणि ते उघडायला रोज एक चमचा दही संपलेलं असावं लागायचं.

तर अशा माणसानं दूध सोडलं.

झालं असं. आदल्या दिवशी, सोमवारच्या सुट्टीला, तो पाचोडला गेला होता. गावाच्या कडेला दोन खोल्या, समोर गोठा, गोठ्यात एक म्हैस आणि घरात त्याचे वडील आप्पासाहेब. आई साळूबाई नऊ महिन्यांपूर्वी गेली. एरवी कडूबा दुपारी पोचायचा आणि चारच्या गाडीनं परतायचा. त्या सोमवारी गाडी चुकली, दुसरी मिळेल म्हणून तो अंधार पडेपर्यंत फाट्यावर थांबला आणि मग रात्री घरीच राहिला. मंगळवारी पहाटे चरवीत धारा पडल्याचा आवाज आला तसा उठून दारात आला.

गोठ्यात आई धार काढत होती.

तेच हिरवं लुगडं, लाल काठाचं. तसाच डोक्यावर पदर, तसंच उकिडवं बसणं. आणि “थांब गं बाय, थांब” असं म्हशीला तेच दमानं सांगणं. कडूबाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आई परत आली आणि आपल्याला कुणी फोनसुद्धा केला नाही. त्याला रागच आला. मग आईनं मान वळवली, तर तिला मिशा होत्या.

“चहा ठेव,” आप्पासाहेब म्हणाले आणि पुन्हा धारेला लागले.

त्यावर दोघांत एवढंच बोलणं झालं. बाकीचं कडूबाला शेजारच्या दगडाबाईनं कडब्याच्या गंजीआडून सांगितलं. म्हशीचं नाव तशिलदारीण होतं, कारण कुणी समोर आलं तरी ती बराच वेळ मान वर करायची नाही. साळूबाई गेली, तसं तशिलदारणीनं दूध चोरलं. आप्पासाहेबांना लाथ मारली. धार काढायला माणूस लावला, त्यालाही मारली. सरकी टाकून पाहिली, गूळ घालून पाहिला. शेवटी दगडाबाईनंच सुचवलं, की मामा, वैनीचं लुगडं नेसा. म्हशीनं पदर हुंगला, मान खाली घातली आणि पान्हा सोडला. तेव्हापासून आप्पासाहेब सकाळ-संध्याकाळ लुगडं नेसत होते. काष्टा चांगला घालत होते, दगडाबाई म्हणाली. तिच्या नवऱ्याला धोतर जमायचं नाही.

कडूबानं त्या दुधाचा चहा प्याला. बापासमोर नाही कसं म्हणणार? पण बसमध्ये बसल्यावर त्याच्या डोक्यात एक गोष्ट फिरू लागली. साळूबाई गेली हे त्या म्हशीला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ती दूध देत होती ते साळूबाईला. म्हणजे आईच्या नावानं आलेलं पत्र मधल्यामधे फोडून वाचावं, तसं आपण ते पीत होतो. मग त्याला वाटलं, पिशवीतलं दूध तरी आपल्या नावानं कुठं असतं? त्या पिशवीवर तारीख असते, टोल-फ्री नंबर असतो, पण ते ज्या वासरासाठी उतरलं त्याचं नाव नसतं. शहरात उतरेपर्यंत कडूबाचं दूध सुटलं होतं. दह्यातुपाचंही तेच झालं.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बाप लुगडं नेसतो ही गोष्ट एकदा बाहेर पडली, की तिच्यामागून म्हैस कधीच बाहेर पडत नाही.

शुक्रवारी पहिल्यांदा ते गयासच्या लक्षात आलं. कारखान्याच्या फाटकासमोर गयासची चहाची टपरी होती. तिथं एका चहाचे दोन करून पिण्याची पद्धत होती. पूर्ण चहा कुणी एकटा घ्यायचा नाही. कडूबा नेहमी कुणाच्या तरी चहाचा अर्धा असायचा. त्या दिवशी त्यानं काळा चहा मागितला.

गयासनं गाळणी हवेत धरून विचारलं, “क्या कडूबाभाई, शुगर निकली?”

कडूबानं अॅसिडिटी सांगितली. पुढच्या आठवड्यात टपरीवर यावर बरीच चर्चा झाली. आपल्याकडं माणूस खाणंपिणं सोडतो ते तीनच कारणांनी: डॉक्टर, नवस आणि महाराज. पॅकिंगच्या फकिरानं मोबाईलवर शोधून सांगितलं, की दूध, दही, तूप, सगळंच सोडणाऱ्याला व्हीगन म्हणतात. तेव्हा एकानं हे महाराज कुठले, मठ कुठंय, असं मनापासून विचारलं. गुरुवारी दर्शन असतं का, हेही विचारलं. कडूबा नाही म्हणाला, तसा त्याचा थोडा हिरमोड झाला.

चेष्टा दोन दिवसांत संपली. कडूबाला ती आणखी चालली असती. पण अडचण वेगळीच झाली. काळा चहा अर्धा करून घ्यायला कुणी तयार नव्हतं. फकिरानं एकदा घेतला आणि काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. मग कडूबा एकटा पूर्ण चहा घेऊ लागला. अर्ध्या चहाला दुसरा माणूस शेजारी लागतो, पूर्ण चहाला टपरीचा खांबही चालतो. तो खांबाला टेकून प्यायचा.

राहता राहिली वाटी.

दूध सोडलं त्या मंगळवारी संध्याकाळी सात दहाला त्याची पावलं आपोआप समोरच्या दाराशी गेली. आपांनी वाटी दिली, चार मिनिटं बोलल्या, आज पाणी साडेपाचलाच आलं म्हणाल्या. कडूबा वाटी घेऊन खोलीत आला, ती टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसला. दही लावायला दूध नव्हतं. खायचं नव्हतं. अन्न टाकून देणं त्याला जमत नव्हतं. आता दही नको, असं समोर जाऊन सांगणं, हे तर टाकून देण्याहून अवघड होतं. तेवढ्यात जिन्यातलं मांजर आलं. ते कुणाचंच नव्हतं, सगळ्या इमारतीचं होतं. कडूबानं वाटी त्याच्यापुढं सरकवली. मांजरानं ती अशी चाटली की बूड चकाकलं.

असं अकरा दिवस चाललं. रोज सात दहाला तो विरजण मागायचा, सात वीसला मांजर जेवायचं, आणि तो वाटी घासून, त्यात साखर-शेंगदाणे टाकून परत द्यायचा. मांजराचं वजन वाढलं.

दरम्यान त्यानं मोबाईलवर धडे सुरू केले होते. पुण्याची एक बाई तिच्या चकचकीत ओट्याशी उभी राहून दुधाला काय काय पर्याय आहेत ते सांगायची, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “खूप सोप्पं आहे” म्हणायची. कडूबानं सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून दूध काढलं. त्याला ओल्या गोणपाटाचा वास आला. नारळाचं दूध चहात घातलं, तर चहावर तेलाचा तवंग आला आणि खाली पाणी राहिलं, दोघं एकमेकांशी बोलत नसल्यासारखे. काजूचं दूध म्हणजे त्याच्या दृष्टीनं काजू वाया घालवायची पद्धत होती. शेवटी बाई शेंगदाण्यावर आली. कडूबा स्वतःवरच चिडला. ज्या माणसाच्या भाजीत शेंगदाणा, चटणीत शेंगदाणा, उपासाला शेंगदाणा, त्याला पुण्याच्या बाईनं शेंगदाणा दाखवावा?

बाराव्या दिवशी सात दहाला आपांनी दार अर्धंच उघडलं.

“आज दही लावलं नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागं ओट्यावर दह्याचं भांडं दिसत होतं, बशी झाकलेलं. दुसऱ्या दिवशीही दही लावलं नव्हतं. भांडं तिथंच होतं. तिसऱ्या दिवशी आपांनी दाराच्या फटीतूनच त्याच्याकडं पाहिलं. वर्गात उत्तर पाठ नसलेल्या मुलीकडं पाहावं तसं, पण त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“कडूबा, मांजराला मी वेगळं दूध घालत जाईन. तू उगाच तकलीफ नको घेऊ.”

दार लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मनकर्णाबाईनं सांगितलं असणार. ती येता-जाता सगळ्यांच्या वाट्या मोजायची. कडूबा आपल्या दारात उभा राहिला. आपांना काय वाटलं असेल, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. आपांच्या घरचं त्याला चालत नाही. नऊ महिने तोंडावर गोड बोलून वाटी न्यायची आणि आतमध्ये मांजरापुढं ठेवायची. हे वाक्य दोघांपैकी कुणीच बोललं नाही. या शहरात ते बोलावं लागत नाही. ते जिन्यात पडलेलंच असतं, कुणीही उचलावं.

त्याला परत कडी वाजवून सांगता आलं असतं. पण काय सांगायचं? टपरीवरची अॅसिडिटी इथं चालणार नव्हती. आपांनी कोणतं अॅसिड ते विचारलं असतं. खरं सांगायचं, तर बाप, लुगडं, मिशा, सगळंच सांगावं लागणार होतं. तो आत गेला. वाटी त्याच्याकडंच राहिली होती, स्वच्छ, उपडी. ती परत द्यायची होती आणि रिकामी देता येत नव्हती. आता चिमूटभर साखरेनं भागेल असंही त्याला वाटेना.

पुढचे आठ दिवस कडूबा कुणाशी बोलला ते आठवायचं म्हटलं तर आठवतं. एकदा कंडक्टरशी, एकदा मोबाईल कंपनीच्या बाईशी, ती रेकॉर्ड केलेली होती. संध्याकाळी सात दहाला तो खोलीतच उभा राहायचा. समोर कडी-कोयंड्याचा आवाज व्हायचा, मांजर आपांच्या दारातून मिशा चाटत बाहेर यायचं आणि याच्याकडं न बघता जिना उतरायचं.

शेंगदाण्याचं दूध मात्र जमलं. रात्रभर भिजवायचं, सालं काढायची, वाटायचं, फडक्यातून गाळायचं, उकळायचं. त्याचं दही लावायला विरजण हवं होतं, आणि दुधाचं विरजण तर घ्यायचं नव्हतं. पुण्याच्या बाईनं तेही सांगितलं. हिरव्या मिरचीचे देठ, टोपीसकट, कोमट दुधात टाकून रात्रभर झाकून ठेवायचे. देठांवरच जंतू असतात. खूप सोप्पं आहे. पहिल्या खेपेला पांढरं पाणी झालं. दुसऱ्या खेपेला वरती काहीतरी उगवलं आणि कडूबानं ते न बघता टाकलं. तिसऱ्या सकाळी झाकण काढलं, भांडं तिरकं केलं, तर आतलं हललं नाही. दही लागलं होतं. फिकट, जरासं खमंग वासाचं, पण बोट लावलं की आंबट.

शेंगदाण्याचं दही जगात पहिल्यांदा लागलं असं नाही, पण दुसऱ्या मजल्यावर तरी पहिल्यांदाच होतं. कडूबा भांडं हातात घेऊन वळला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की वळून दाखवायला कुणी नाही. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. यापुढं त्याला कुणाकडं विरजण मागायची गरजच नव्हती. यातलंच चमचाभर ठेवलं की झालं. ते नासलं, तर मंडईत मिरच्या होत्या, प्रत्येकीला देठ होता. तो पूर्ण स्वयंपूर्ण झाला होता. इतकं वाईट त्याला दूध सोडतानाही वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी आप्पासाहेबांचा फोन आला. ते आपणहून फोन करायचे नाहीत, म्हणून कडूबा घाबरला.

“तशिलदारीण आटली,” आप्पासाहेब म्हणाले.

कडूबा म्हणाला, आटणारच होती, व्यायला तीन महिने राहिले असतील. पलीकडून व्हय आलं. मग बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून कडूबा म्हणाला, “बरं झालं आप्पा. आता लुगडं नेसायचं काम नाय.”

वारा आणखी थोडा वाहिला.

“नेसतो की,” आप्पासाहेब म्हणाले. “सांजसकाळ जाऊन बसतो तिच्यापाशी. तिला सवय झालीय.”

फोन ठेवल्यावर कडूबा टेबलापाशी बसून राहिला. धार नाही, चरवी नाही. म्हातारा लुगडं नेसून आटलेल्या म्हशीपाशी उकिडवा बसलाय, आणि सवय म्हशीला झालीय. त्याला उभ्याउभ्या खाऊन टाकलेले ते शेवटचे चमचे आठवले. एकूण दोनशे सत्तर तरी झाले असतील. त्यातला एकही भुकेसाठी नव्हता.

सात वाजून दहा मिनिटं होऊन गेली होती. त्यानं मे. शेख १९८८ मध्ये शेंगदाण्याचं दही काठोकाठ भरलं आणि समोरची कडी वाजवली.

आपांनी दार उघडलं. वाटी बघितली, पण घेतली नाही.

“हे काय?”

“दही. शेंगदाण्याचं.”

“दुधाचं काय झालं?”

“मी दूध सोडलंय, आपा. महिना होईल.”

आपा कारणाची वाट बघत उभ्या राहिल्या. विज्ञानाच्या बाईला अर्ध्या उत्तराचे अर्धे मार्क द्यायची सवय नसते. मग कडूबानं सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभं राहून, वाटी दोन्ही हातांत धरून, पहिल्यापासून. चुकलेली गाडी सांगितली, पहाटेची धार सांगितली. आई परत आली आणि आपल्याला कुणी कळवलं नाही असं वाटलं, तेही सांगितलं. मिशा सांगितल्या. पत्र फोडल्यासारखं वाटतं, हे सांगताना त्याला नीट जमलं नाही, पण सांगितलं. मांजराचं सांगितलं. आणि आजचा फोन. वर मनकर्णाबाईचं दार जरासं उघडल्याचा आवाज आला. तो थांबला नाही.

त्याचं सांगून झालं. मग आपांनी विचारलं, “नऊवारी?”

“नऊवारी.”

“काष्टा घालतात?”

“घालतेत. चांगला घालतेत म्हने.”

आपांनी मान हलवली, प्रयोगाची पहिली पायरी बरोबर आल्यासारखी. म्हणाल्या, “अंदर आ.” नऊ महिन्यांत कडूबानं पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. आत एक पलंग होता, भिंतीला पचनसंस्थेचा जुना तक्ता होता आणि एक खुर्ची होती. दुसरी नव्हती. आपांनी त्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः पलंगावर बसल्या, चमचा आणला आणि दही चाखलं. कडूबानं इतकी वाट दहावीच्या निकालाचीही पाहिली नव्हती.

“दही नाही हे,” आपा म्हणाल्या.

“नाय.”

“पर जंतूंनी काम केलंय.” त्यांनी दुसरा चमचा घेतला. “मीठ टाक थोडं. विरजण कुठलं?”

“मिरचीचे देठ.”

आपांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच सुटली. देठावर जंतू असतात, हे त्यांनी आठवीच्या वर्गाला तीस वर्षं सांगितलं होतं. एकाही मुलीनं घरी जाऊन करून पाहिलं नव्हतं. मग त्यांनी वाटी खाली ठेवली.

“तू पहले दिन आया तब क्या बोला था, याद है? बोला, आईचं विरजण खराब झालं, थोडं द्या. आई गेली हे बोलला नाहीस. ते मला चार दिवसांनी मनकर्णाबाईनं सांगितलं.” त्या थांबल्या. “आणि नऊ महिने रोज तुझं दही चमचाभरसुद्धा उरत नाही? मैं सायन्स पढाई हूँ, कडूबा. मेरेकू हिसाब आता है.”

कडूबानं पचनसंस्थेच्या तक्त्याकडं पाहिलं. लहान आतडं मोठ्या आतड्यापेक्षा लांब दाखवलेलं होतं.

“मांजर दिसलं ना, तब लगा के अपना हिसाब गलत था,” आपा म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि उठून ओट्याकडं गेल्या.

तिथं सुपात मिरच्या पसरलेल्या होत्या. मिरच्या टिकाव्यात म्हणून आपा आणल्या आणल्या देठ खुडून ठेवायच्या. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून खुडू लागल्या आणि खुडता खुडता म्हणाल्या, “अब्बांना फोन कधी करतो?”

आप्पा, अब्बा, कडूबाला दुरुस्ती करावीशी वाटली नाही. इतवारी करतो, म्हणाला.

“रोज कर. पर उनका नक्को पूछ, सांगणार नाहीत. म्हशीचं विचार. चारा खाल्ला का, बसली का. म्हशीचं सांगतील ते.”

कडूबा हो म्हणाला. मग जायची वेळ झाली, आणि उद्या परत यायला आता काहीच शिल्लक नाही, हे दोघांनाही एकदमच दिसलं. आपांच्या हाताखाली देठांचा लहानसा हिरवा ढीग झाला होता. तो त्या केराच्या डब्यात ढकलणार, तेवढ्यात कडूबा म्हणाला, “आपा, ते देठ देता का मला?”

“तुझ्या घरात मिरच्या नाहीत?”

“हाइत.”

“मग?”

“देठ नाइत.”

मिरच्या आहेत आणि देठ नाहीत, असं आपांच्याच घरात होऊ शकत होतं, आणि तेही आत्ताच झालं होतं. कडूबाच्या घरात कालच आणलेली पाव किलो मिरची पिशवीतून दिसत होती, देठांसकट. त्याचं दार उघडं होतं. आपांना ती त्यांच्या ओट्यावरूनही दिसत होती. त्यांनी पिशवीकडं पाहिलं, कडूबाकडं पाहिलं.

“किती लागतात?”

“सात-आठ. पण तीन दिले तरी…”

आपांनी मे. शेख १९८८ मधलं दही आपल्या भांड्यात काढून घेतलं, वाटी विसळली आणि मोजून तीन देठ टाकले. बाकीचे एका डबीत ठेवून झाकण लावलं.

“देठ नेहमी टोपीसकट घे,” त्या म्हणाल्या. “आणि दूध कोमट झाल्यावर. गरम दुधात जंतू मरतात.”

कडूबा ते पहिल्यांदाच ऐकत होता.

बाहेर जिन्यात मांजर बसलं होतं. वाटी दिसली तसं उठलं. कडूबानं ती त्याच्यासमोर धरली. मांजरानं तिन्ही देठ हुंगले, मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेलं. तिथं अजून दूध पीत होते. कडूबानं आपलं दार लोटलं, वाटी टेबलावर ठेवली आणि पाचोडला फोन लावला. पलीकडं घंटी वाजत राहिली. गोठ्यात फोन नेत नसतील. लुगड्याला खिसा नसतो.

तो वाट बघत राहिला.